गाळाचं विरजण

या, पुढे सरकून बसा. मागे उभे आहेत त्यांनीही या, जागा होते. मन मोठं असलं की सतरंजीही मोठी होते. आज राजाची गोष्ट नाही, राणीची नाही. गोष्ट आहे एका साध्या माणसाची. त्याने जन्मभर लोकांचा गाळ उपसला आणि म्हातारपणी रिकामं पोतं घेऊन दुसऱ्याच्या दारात गाळ मागायला उभा राहिला. हसू आलं तर हसा, नंतर तोही हसला. मात्र मधेच उठू नका. सहाशे जीव पाण्यावर तोंड काढून राहतील, आणि त्यांचं पाप तुम्हाला नाही, सांगणाऱ्याला लागेल.

त्यांना सगळे आबा म्हणत. विहिरी उपसणं हा त्यांचा धंदा. कमरेला दोर, डोक्यावर घमेलं, तोंडात देवाचं नाव, आणि आबा खाली उतरायचे ते थेट गुडघाभर गाळात. चाळीस वर्षांत त्यांनी आसपासच्या किती विहिरी तळापासून खरवडल्या त्याची गणती नाही. त्यांनी साफ केलेल्या विहिरीत वाकून पाहिलं तर तळाचा खडक तळहातासारखा दिसे. मग गुडघ्यांनी दगा दिला. दोर खुंटीला टांगला गेला आणि आबा ओसरीला.

घरात मुलगा आणि सून. मुलगा टेम्पो चालवायचा. सून मात्र भलतीच उद्योगी. घरामागच्या माळावर, जिथे गवतसुद्धा लाजत लाजत उगवायचं, तिथे तिने हिरव्या जाळीची शेड उभी केली होती. एका टोकाला खोलीएवढी गोल टाकी, तिच्यात सहाशे चिलापी मासे. टाकीतलं पाणी पंपाने गाळणीच्या तीन पिंपांत यायचं, तिथून लांबच लांब पांढऱ्या पन्हळींतून वाहायचं. पन्हळींना वर भोकं, भोकांत जाळीचे कप, कपांत सॅलडची, पालकाची, पुदिन्याची रोपं. मुळं खाली वाहत्या पाण्यात सोडलेली, म्हाताऱ्या बाईने नदीत पाय सोडून बसावं तशी. माशांची घाण रोपांना खत व्हायची आणि रोपांनी निवळवलेलं पाणी फिरून माशांकडे यायचं. माती औषधालासुद्धा नाही.

"सूनबाई," आबा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "माती नाही म्हणजे या रोपांना माहेर नाही गं."

"माहेर नाही, पण सासर चांगलं मिळालंय," सून म्हणाली. "माझ्यासारखं."

आता यावर सासऱ्याने काय बोलावं? आबांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

पण हसण्याने दिवस जात नाही. पहाटे उठून सून पन्हळी तपासायची, मुळं बोटांवर घेऊन पाहायची, माशांना खाद्य टाकायची, पानं खुडून पेट्या भरायची. आबा मागे मागे फिरत. कप धुऊ लागले तर ती म्हणे, "आबा, तुम्ही बसा." पेटी उचलली तर, "बसा हो आबा, कंबर धरेल." माया होती त्यात, नव्हती असं नाही. पण ज्याचे हात चाळीस वर्षं रिकामे राहिले नाहीत त्याला "बसा" हा शब्द बाभळीच्या काट्यासारखा लागतो. दिसत नाही आणि निघत नाही.

त्या वर्षी उन्हाळा असा चढला की सकाळी दहालाच पत्र्याला हात लावून पाहायची सोय नव्हती. अशात निरोप आला की मोठ्या खानावळीची मालकीण रविवारी शेड बघायला येणार. शेड पसंत पडली तर दर आठवड्याची सगळी पानं तीच घेणार. सुनेच्या पायाला भिंगरी लागली. सोमवारी ती आणि मुलगा रोपांच्या पेट्या आणायला टेम्पो घेऊन दूर गेली. जाताना म्हणाली, "आबा, पंपाचा आवाज तेवढा ऐकत राहा. बाकी काही करू नका."

आबा पंपाचा आवाज ऐकत बसले. मग उठून शेडमध्ये फेरी मारली. रोपं टवटवीत, मासे गुबगुबीत, जमीन झाडलेली. आणि सहज त्यांनी गाळणीच्या पिंपाचं झाकण उचललं.

आत प्लास्टिकची अंगठीएवढी चाकं भरलेली होती, हजारोंनी, आणि एकेका चाकावर तपकिरी, बुळबुळीत साय. पाण्याच्या तळाशी गाळ. पाहुणी येणार, पोर राब राब राबते, आणि घरात ही घाण. नजरेतून सुटली असेल बिचारीच्या. त्यांचे हात शिवशिवू लागले.

पाणी वळवून परस्पर पन्हळींत सोडायची तोटी त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी फिरवली, धोतराचा काचा मारला आणि कामाला लागले. तिन्ही पिंपांतली चाकं घमेल्याने उपसली. काथ्याने घासली. विहिरीला वापरायची ती पांढरी पावडर घरात होतीच, ती टाकून खळबळली, तीन पाण्यांनी धुतली, आणि ताडपत्रीवर उन्हात पसरली. पिंपं आतून घासताना डोकं आणि खांदे पिंपात, बाकीचा देह बाहेर, असे आबा अभंग म्हणत होते आणि पिंप त्यांच्या मागे घुमून साथ धरत होतं. कंबर ठणकत होती, पण तो ठणका ओळखीचा होता. किती दिवसांनी भेटला. गाळ बादल्या भरभरून त्यांनी माळावर फेकून दिला, तिथे तो तासाभरात वाळून पापड्या झाला. संध्याकाळी पांढरीशुभ्र, खुळखुळणारी चाकं परत पिंपांत भरून त्यांनी तोटी जागेवर आणली. आरशासारखं पाणी. आबा अंघोळ करून ओसरीवर शाबासकीची वाट बघत बसले.

सून आली. पेट्या उतरवल्या. झाकण उचललं, आणि तशीच उभी राहिली.

"काय, कसं दिसतंय?" आबांनी विचारलं.

"आबा, यातला गाळ कुठे आहे?"

"फेकला. बादल्यांनी निघाला बघ. तुझ्या लक्षात नसेल आलं."

तिने झाकण हळूच खाली ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पिंपाशेजारी उकिडवी बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "आबा, माशांची घाण म्हणजे विष असतं. त्या चाकांवरची साय म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. ते त्या विषाचं खत करायचे. सहा महिने लागले होते ती साय धरायला. दही लावायला विरजण लागतं ना, तसं. आपलं विरजणच गेलं."

"मग आता?"

"आता घाण तेवढी होणार, आणि तिचं खत करणारं कोणी नाही."

"म्हणजे मासे..."

सुनेने टाकीकडे पाहिलं. मासे गेले तर रोपांचं अन्न गेलं, रोपं गेली तर शेड म्हणजे नुसते पाइप. करायला गेले एक.

मंगळवारपासून खाद्य बंद. सून काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेई, त्यात औषधाचे थेंब टाकी आणि उजेडाकडे धरी. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर वाईट. मंगळवारी सकाळी पोपटी होतं. संध्याकाळी पानासारखं हिरवं. बुधवारी ते त्याहून गडद झालेलं पाहून मुलाने नळीच खाली ठेवली.

विहिरीतून पाणी आणून टाकीतलं थोडं थोडं बदलायला लागले. पण विहिरीने तळ गाठला होता, पंप दहा मिनिटं चाले आणि तासभर दम खाई. बुधवारी दुपारी, ऊन डोक्यावर असताना, वीज गेली. हवा सोडणारं यंत्र बंद पडलं. मासे एकेक करून वर आले, तोंडं उघडी, कल्ले फडफडत. सहाशे तोंडं पाण्याला लागून नुसती उघडमीट करत होती आणि आवाज कसलाच नव्हता.

तिघं टाकीच्या काठाला उभी राहिली. बादली बुडवायची, डोक्याच्या वर उचलायची आणि उंचावरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात वारा मिसळतो. सुनेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. आबांना बादली झेपेना, त्यांनी तांब्या घेतला. तासाभराने त्यांच्या खांद्यात सुरी फिरल्यासारखं होऊ लागलं. तरी तांब्या वर जात होता, खाली येत होता. प्रत्येक धारेला ते देवाचं नाव घेत होते. नामाचा हिशेब देवाकडे, धारांचा माशांकडे.

"आबा, तुम्ही सावलीत जा," सून म्हणाली.

"नाही."

मुलगा तापला होता. उन्हाने आणि भीतीनेही. बादली आपटून म्हणाला, "जा म्हणते ना ती. आणि यापुढे कशालाही हात लावू नका. उपकार होतील."

सुनेने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने मान फिरवली. आबांनी तांब्या खाली ठेवला नाही. नंतर वीज आली. संध्याकाळी अकरा मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते. आबांनी ते हाताने वेचले, एकेक, आणि लिंबाच्या बुडाशी पुरले.

गुरुवारी सकाळी ओसरीवर त्यांनी भिंतीपलीकडचं बोलणं ऐकलं.

"टाकीवालीकडे मिळेल," मुलगा म्हणत होता. "तिची पिंपं जुनी आहेत. दोन पोती साय आणली तर आजच काम सुरू होईल."

"माहीत आहे मला," सून म्हणाली. "पण तिच्या दारात कुठल्या तोंडाने उभी राहू?"

आबांना कळलं कुठल्या तोंडाने ते. गेल्या हिवाळ्यात तिघंही टाकीवालीची शेड बघायला गेली होती. तासाभराच्या वाटेवर तिचं मोठं काम, सुनेला सगळं शिकवलं ते तिनेच. चार माणसं बसली असताना आबांनी तिच्या पिंपात डोकावून नाक मुरडलं होतं आणि म्हणाले होते, "बाई, यात तर म्हैस लोळेल." माणसं हसली. ती हसली नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आबा उठले, दोन रिकामी पोती धुतली आणि टेम्पोत जाऊन बसले. मुलगा बाहेर आला तर म्हणाले, "चल. तोंड माझं होतं, मीच घेऊन जातो."

टाकीवाली गुडघाभर रबरी बूट घालून शेडच्या दारात उभी होती. अंगाने आडवी, आवाजाने उभी. आबांना उतरताना पाहून तिने कमरेवर हात ठेवले.

"या आबा. म्हैस आणलीत का?"

मुलगा टेम्पोच्या चाकाकडे बघू लागला. आबांचे कान तापले. पण ते पुढे झाले, पोती दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "नाही बाई. म्हैस मीच. गाळ मागायला आलोय."

तिने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग पोत्यांकडे. "काय केलंत?"

"घासलं. तिन्ही पिंपं. पावडर टाकून."

"आणि उन्हात वाळवलंत?"

"दिवसभर."

"देवा रे," ती म्हणाली आणि पायरीवर बसलीच. पोट धरून हसू लागली. हसता हसता डोळे पुसून म्हणाली, "नीट केलंत हो. एकही जीव मागे ठेवला नाहीत. सूनबाई काय म्हणाली?"

"एका शब्दाने रागावली नाही."

टाकीवालीचं हसू थांबलं. "गुणी पोर आहे," ती म्हणाली आणि उठली. "या इकडे. हात घाला."

पिंपात तीच तपकिरी, बुळबुळीत चाकं. आबांनी मनगटापर्यंत हात घातला.

"आता वास घ्या."

त्यांनी ओंजळ नाकाशी नेली. घाण येईल म्हणून श्वास आवरूनच धरला होता, मग हळूच सोडला. घाण नव्हतीच. नांगरलेल्या ओल्या शेताचा वास होता तो, चोख मातीचा. आबा ओंजळ तशीच धरून राहिले.

"हुंगून संपवू नका," टाकीवाली म्हणाली. "किती हवंय?"

"तुम्ही द्याल तेवढं."

"निम्मं न्या."

"निम्मं? आणि तुमच्या माशांचं काय?"

"चार दिवस उपास घडेल त्यांना. तसेही फार फुगलेत, माझ्या वळणावर गेलेत." ती घमेल्याने भरू लागली. "काय द्यायचं म्हणून विचारू नका. विरजण कोणी विकत नाही. पण ऐका, वाळलं तर मेलं. पोत्याचं तोंड बांधायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, टाकीचंच पाणी शिंपडत राहायचं. आणि वाटेत चहाला थांबायचं नाही."

आबा टेम्पोच्या मागच्या भागात दोन पोत्यांच्या मधे बसले. ऊन पत्र्यातून खाली गळत होतं. टाकीवालीने दिलेल्या पाण्याचा डबा मांडीत, आणि तांब्याने ते थोडं या पोत्यावर, थोडं त्या. वाऱ्याने पोती भराभर सुकत होती. अर्ध्या वाटेवर त्यांनी अंगातला सदरा काढून ओला केला आणि एका पोत्यावर टाकला. मग धोतराचा पदर दुसऱ्यावर. फाट्यावर टेम्पो हळू झाला तेव्हा उघडेबंब आबा पोत्यांना कवटाळून बसलेले पाहून टपरीवरचे लोक हसले. एकाने विचारलं, "आबा, लेकरं कुणाची?"

"आमचीच," आबा म्हणाले. "नातवंडं."

पुढे एका झाडाखाली मुलाने टेम्पो थांबवला. आपली पाण्याची बाटली घेऊन मागे आला. "आबा, प्या थोडं."

आबांनी बाटली घेतली आणि पोत्यावर ओतायला गेले.

"यांच्यासाठी डबा आहे ना. हे तुमच्यासाठी आहे." मुलाने बाटली त्यांच्या तोंडाशी धरली, आणि आबा पीत असताना रस्त्याकडे बघत म्हणाला, "काल मी जास्त बोललो."

"पाणी गार आहे," आबा म्हणाले. "चल लवकर."

दुपारी पोती पिंपात रिकामी झाली. आबांनी घासलेलं पांढरं आणि टाकीवालीचं तपकिरी, एकात एक. सुनेने हाताने हलवलं. मग आबांकडे बघून म्हणाली, "तुम्ही पण घाला हात." दोघांनी मिळून हलवलं. हातात हात लागत होता, बुळबुळीत.

शुक्रवारी आणखी तीन मासे गेले. नळी हिरवीच होती, पण सुनेच्या मते कालच्यापेक्षा फिकी. मुलाला तसं दिसलं नाही. आबांना रंग कळेनात, ते दोघांच्या तोंडांकडेच बघत. शनिवारी पोपटी झाली आणि वर तोंड काढणारे मासे दहा-वीस उरले. बाकीचे खाली गेले, हळूहळू फेऱ्या मारू लागले. आबांनी पिंपाचं झाकण दिवसातून तीसदा उचललं असेल. सून म्हणाली, "आबा, सारखं उघडलं तर दहीसुद्धा लागत नाही." मग त्यांनी झाकणावर वीट ठेवली, आपल्यासाठीच.

रविवारी सकाळी तिने नळी उजेडाकडे धरली. थेंब पडला, पसरला, आणि पाणी हळदीसारखं पिवळं राहिलं. तिने नळी आबांच्या हातात दिली. खाद्याच्या डब्यातून एक मूठ काढून तीही दिली, पुरती नाही, अर्धी.

आबांनी दाणे टाकले. दाणे पाण्यावर तरंगले, एक लाट, दोन लाटा. कोणी वर येईना. मग खालून एक सावली वर आली, दाणा उचलून गेली. मग दुसरी. मग अख्खी टाकी उसळली आणि तिघांच्याही तोंडावर पाणी उडालं. ते कोणी पुसलं नाही.

थोड्या वेळाने मालकीण आली. पन्हळी पाहिल्या, पान तोडून चावलं, मग पिंपावरची वीट बाजूला करून झाकण उचललं. "हे असं का? काही पांढरं, काही काळं?"

सून सांगायला लागली, त्याआधी आबा पुढे झाले. "मी घाण समजून धुतलं बाई. पार मारून टाकलं. मग दुसरीकडनं मागून आणलं. वास घ्या हवं तर."

मालकिणीने खरंच वास घेतला. मग आबांकडे पाहून म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात एक म्हातारी होती, तिने माझी वर्षानुवर्षांची लोखंडी कढई घासून लख्ख केली होती. काही चिकटल्याशिवाय शिजेना." आणि सुनेला, "मंगळवारपासून पाठवा पेट्या."

पुढे गाळणी आबांकडेच आली. पंधरा दिवसांनी एकदा, चारातला एक भाग तेवढाच, टाकीच्याच पाण्यात हलक्या हाताने विसळायचा, तापातून उठलेल्या लेकराचं अंग पुसावं तसा.

पण गोष्ट इथे संपत नाही. महिनाभराने मुलगा पेट्या पोचवून येताना टाकीवालीच्या शेडवर उतरला, तर तिच्या कामावरच्या बाईने सांगितलं. निम्मं विरजण दिल्यावर तिच्या टाकीतलं पाणीही हिरवं झालं होतं. तीन दिवस ती स्वतः काठावर उभी राहून बादलीने धार सोडत होती. एकोणीस मासे गेले. आबा दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, "सांगितलं का नाहीत?"

"म्हातारे मासे होते," टाकीवाली म्हणाली. "जाणारच होते. बसा, चहा घ्या. आज वाटेत थांबायला हरकत नाही."

तर मंडळी, आता उठा. घरी गेल्यावर जेवायला बसाल, ताटात एखादं हिरवं पान असेल. तेव्हा आबांना आठवू नका, त्यांचं बरं चाललंय. देवाचं नाव घ्याल त्या घासाला, त्या टाकीवालीचीही आठवण काढा.